गळ्याची शपथ

हॉटेलातलं सगळं सामान टेम्पोत चढलं होतं. राहिलं होतं ते जेवणाच्या हॉलमधलं कोपऱ्यातलं टेबल आणि दोन खुर्च्या. त्यांना हात लावायला एकही गडी तयार नव्हता, भरदुपारीसुद्धा. उद्या सकाळी इमारत पाडायला जेसीबी येणार होता.

"आबा, आटपा आता," संयोगिता म्हणाली.

तिचे आजोबा गणपतराव स्वतःच्या हातानं ताट वाढत होते. मटण, भाकरी, पांढरा रस्सा. एका रिकाम्या खुर्चीपुढं त्यांनी ते ताट ठेवलं आणि समोरच्या खुर्चीत बसले.

"कुणासाठी हे?"

"आकारामसाठी. माझा धाकटा भाऊ."

चाळीस वर्षांपूर्वी कोल्हापुराबाहेर, शिरोलीच्या रस्त्याला, नुसता ऊस होता. त्या उसात गणपतरावांनी संगमरवर आणून ओतला. हॉटेलाच्या उद्घाटनाला शहरातली बडी मंडळी गाड्यांतून उतरत होती, आणि आकाराम गोठ्यातून उठून तसाच आला, शेण लागलेल्या धोतरानं. थोरल्या भावाला लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला.

"ह्या कोपऱ्यात बसवला त्याला, पडद्याआड," गणपतराव म्हणाले. "म्हटलं, माझ्या गळ्याची शपथ हाय, मी बोलवल्याबिगर उठायचं न्हाय. आन् इसरलो की. सांजच्याला आठवलं, तवा तसाच ताठ बसलेला. गार पडलेला."

संयोगितानं त्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं.

"शपथ सुटली म्हणायचं राहिलं, पोरी. उद्या हे पाडल्यावर त्यानं कुठं बसायचं?"

ते पुढं वाकले. "आकाराम, जेव. शपथ सुटली. ऊठ आता."

समोरची रिकामी खुर्ची फरशीवर करकरत मागं सरकली. संयोगिताचा हात तोंडावर गेला. गणपतराव कान देऊन काहीतरी ऐकत होते. बराच वेळ ऐकलं त्यांनी. मग मान डोलावली आणि ताट आपल्याकडं ओढलं.

"आबा, चला हितनं."

"तू हो म्होरं. त्यानं मला शपथ घातलीया. बोलवल्याबिगर उठायचं न्हाय."

"मेलेल्या माणसाच्या गळ्याची कसली शपथ? उठा तुम्ही."

गणपतरावांनी खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले.

"त्याच्या न्हाय, पोरी. तुझ्या."