घरचंच कुणीतरी

नवऱ्याच्या रक्तात जंतू शिरलेले, म्हणून भेटायला सक्त मनाई. वॉर्डाबाहेर डॉक्टर मला समजावत होते. "पांढऱ्या पेशी रक्तात पहारा देतात, पण हे जंतू महालबाड. आपल्याच शरीराचं पांघरूण ओढून फिरतात. पेशींना वाटतं, घरचंच कुणीतरी." मी काचेतून आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सर्दीने बेजार भावजी पांढरा कोट घालून नवऱ्याच्या उशाशी शिंकत होते. "डॉक्टर, तुमचा कोट कुठाय?" "तिथे खुर्चीवर टाकलाय." खुर्ची रिकामी. डॉक्टर नव्या वॉचमनवर उखडले, "अहो, त्यांना आत कसं सोडलंत?" "कोट होता की अंगात. म्हटलं, आपलेच डॉक्टर असतील." डॉक्टर दाराकडे धावले, तशी वॉचमनने काठी आडवी घातली. "ओ काका, निघालात कुठे? बिनकोटाच्या माणसाला आत सोडायचं नाही, डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. उगाच जंतू जातात आत."