पाहुण्यांची खोली

स्वयंपाकघर नवं करायचं म्हणून वेंडेलने भिंतीच्या तळाशी बसवलेला, गरम पाण्याच्या पाइपने खोली उबदार ठेवणारा जुना हीटर काढायला घेतला. प्लंबर गास्टन म्हणाला, "हाच पाइप पुढे वरच्या पाहुण्यांच्या खोलीत जातो. इथे तोडला की तिथली ऊबही गेली. तात्पुरता जोडून देऊ का?"

"कशाला? उन्हाळ्यात बघू."

"सासूबाई येतायत वाटतं?"

वेंडेल छताकडे बघत शीळ घालू लागला.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला मेन राज्याच्या उत्तर भागातून सासूबाई आल्याच. त्यांचा दरवर्षीचा तो एक आठवडा वेंडेलला पुरून उरायचा. त्याच्या कॉफीपासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार व्हायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लालबुंद गालांनी खाली आल्या, तेव्हा वेंडेलने मानभावीपणे विचारलं, "खोली फारच गार पडली असेल ना, आई?"

 

"छे हो, जावईबापू! बटाट्याच्या शेतावर वाढलेली मी, बर्फातसुद्धा खिडकी उघडी टाकून झोपणारी. त्या खोलीची तुम्ही भट्टी करून ठेवायचात, म्हणून आठवड्यात पळ काढायचे. आता एप्रिलातला ईस्टर करूनच जाईन."