कणगीसारखं घर

सेथुन्या बॅग घेऊन खाली आली, तेव्हा दार कालच्यापेक्षा अरुंद झालं होतं. चौकटीतून निघालेले बारीक यांत्रिक हात ताडाच्या ओल्या पट्ट्या आडव्या घालून गच्च ओढत होते. खिडक्या आधीच विणून बंद झाल्या होत्या.

"घराला हे दार म्हणजे उंदराचं भोक वाटलं असेल," ती म्हणाली.

बोत्स्वानातल्या या वस्तीत घरं आता स्वतःला विणत, फाटलं तर सांधत. या घराच्या हातांना विणकाम शिकवलं होतं तिच्या आईने, डिकेलेडीने. तिचा जन्म धान्याच्या कणग्या विणण्यात गेला होता.

आई दाराकडे बघत राहिली. "नुसत्या भोकाला मी हात लावत नसे. दाणे गळायला लागले, की मगच बुजवायची. तुझा भाऊ याच दारातून शहरात गेला. मग काका गेले."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. सेथुन्याने एक पट्टी उपटली, तर तिच्या जागी दोन आल्या. तिने खांदा फटीत घातला. पट्टी दंडावर आवळली, तशी ती घाबरून मागे सरली आणि बॅग हातातून पडली.

घराचे हात थांबले.

तिने हळूच बॅगेचा पट्टा धरला. हात पुन्हा चालू लागले.

"सोड ती," आई कुजबुजली. "चुलीपाशी जाऊन बस. दाणा आतच आहे, असं वाटू दे घराला."

"किती वेळ, आई?"

"पुढच्या पेरणीपर्यंत कणगी कुणी उघडत नाही."