वरची खोली

मंडळाच्या कचेरीत टेबलावरच्या फोनवर रिंग जात होती. फोन अध्यक्षबाईंच्याच घरी लावला होता.

परक्यांना खोली नाकारणाऱ्या मालकांना उघडं पाडायचं, हे मंडळाचं काम, आणि त्याची पद्धत साधी होती. खोली भाड्याने देण्याची जाहिरात दिसली, की आधी परमुलखातून आलेल्या कुणीतरी फोन करायचा. ‘खोली गेली’ असं उत्तर आलं, की लगेच इथल्याच कुणीतरी करायचा. त्याला तीच खोली मिळत असेल, तर चारचौघांनी मालकाच्या दारात जाऊन जाब विचारायचा. ‘सुरुवात आपल्याच घरांपासून करू,’ हे अध्यक्षबाईंनीच भर सभेत ठणकावून सांगितलं होतं. घरच्यांना आधी कळू द्यायचं नाही, हा नियमही त्यांचाच. आता मात्र आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला असं त्यांना वाटत होतं. नवऱ्याच्या जिभेला हाड नव्हतं. हा बाबा काहीतरी बरळणार आणि इतक्या वर्षांची मेहनत मातीत जाणार. उद्या कोणत्या तोंडाने दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं?

“हॅलो,” नवऱ्याचा आवाज आला. स्पीकर चालू होता. सगळे कान देऊन बसले होते.

“वरची खोली भाड्याने आहे ना?” वायरमनने विचारलं. तो मंडळात नवीन होता. त्याने तोंड उघडलं, की पहिल्याच शब्दाला परका हेल कळायचा.

“बाहेरून आलात का तुम्ही?” नवऱ्याने विचारलं.

“हो.”

संपलं सगळं. अध्यक्षबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

“मग या की. बरेच दिवस रिकामी पडलीय. उजेड आहे, वारा आहे. बायकामुलांनाही घेऊन या बघायला.”

अध्यक्षबाईंचा जीव भांड्यात पडला. या भल्या माणसावर आपण उगाच संशय घेतला, म्हणून त्यांना लाजही वाटली. वायरमनने हसून मान डोलावली आणि फोन ठेवायला हात पुढे केला.

“फक्त एक करा,” नवरा म्हणाला. “आमची ही घरी नसताना या. मनाने वाईट नाही हो ती. पण तुमच्यातलं कुणी आलं, की सांगते, वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. पाणी चढतं. चोवीस तास.”