सत्य घटनेवर आधारित

शौर्यपदक मिळालेले मेजरसाहेब आता सिनेमात नट झाले होते आणि नव्या सिनेमात स्वतःचीच भूमिका करत होते. जळत्या भिंतीवरून शत्रूच्या ठाण्यात उडी मारायची वेळ आली, तेव्हा साहेबांना अचानक आपला गुडघा आठवला. मग त्यांचाच गणवेश घातलेल्या स्टंटवाल्यानं उडी मारली आणि हात भाजून घेतला. त्यानंतर साहेब खुर्चीतून उठले, गालाला काजळी लावून घेतली आणि कॅमेऱ्यासमोर धापा टाकू लागले.

त्यांच्या तुकडीतला एक म्हातारा शिपाई सल्लागार म्हणून बाजूला बसला होता. सगळं खरं असल्याची त्याची सही मिळाली, की सिनेमाच्या सुरुवातीला तशी पाटी लागणार होती.

"काका, भीड नका बाळगू," दिग्दर्शकानं कागद पुढे केला. "काही चुकलंय का?"

"त्या स्टंटवाल्याचं नाव येणार का सिनेमात?"

"उडी मारणाऱ्यांची नावं कोण वाचतंय, काका?"

म्हाताऱ्यानं सही केली.



"मग काहीच चुकलं नाही. तेव्हाही उडी साहेबांनी नाही, माझ्या धाकट्या भावानं मारली होती."