दोनशे चौदावी ओळ

रत्नदीप थूलने तीच कमांड तिसऱ्यांदा चालवली. दोनशे चौदाव्या ओळीपुढे पुन्हा त्याच्या ऑफिसातल्या मुकेशचंच नाव आलं.

प्रोग्राममधली कोणती ओळ कोणी लिहिली, हे ती कमांड सांगते. ऑफिसात माणसाचं कोणी ऐकत नाही, पण तिचं सगळे ऐकतात.

त्या एका ओळीने कापूस खरेदीच्या टोकनांचा पार बोजवारा उडवला होता. एकाच दिवशी चारशे गाड्यांना बोलावणं गेलं आणि समुद्रपूरला शेतकरी दोन दिवस रांगेत ताटकळले. त्यात मुकेशचे वडील पुंडलिकरावही होते. मुकेशला सोमवारी कामावरून काढायचं, हे नागपूरच्या साहेबांनी ठरवून टाकलं होतं.

"मी त्या फाइलचं फक्त नाव बदललं होतं," मुकेश फोनवर म्हणाला. "ओळ माही नाई. पण आता बाबा बी मले इचारून राह्यले, तूच केलं का म्हणून."

रत्नदीपला फार वाईट वाटलं. सोमवारपर्यंत धीर धर, एवढंच तो बोलू शकला.

मुकेश खरं बोलत होता. ती कमांड ज्या टूलची, त्याची नवी आवृत्ती आल्यापासून, फाइलचं नाव जो बदलेल त्याच्याच माथी तिच्यातल्या सगळ्या जुन्या ओळी बसत होत्या. आधी असं होत नव्हतं. रत्नदीपने साहेबांना हे सांगून पाहिलं. दोस्ती बाजूला ठेव, टूल चुकतं हे टूल बनवणाऱ्यांकडून वदवून आण, आणि तेही याच फाइलवर, असं त्यांनी सुनावलं.

म्हणून शनिवारी सकाळीच तो पिपरी मेघेतल्या घरी लॅपटॉप घेऊन बसला. जुन्या आणि नव्या आवृत्तीत साठेक बदल होते. मधला बदल घ्यायचा, चालवून पाहायचा. नाव बरोबर आलं तर पुढच्या अर्ध्यात शोधायचं, चुकलं तर मागच्या. काम किचकट नाही, पण चिकाटीचं आहे. सहाव्या फेरीत दोषी बदल हाती लागला. वेग वाढवण्याच्या नादात कोणीतरी फाइलच्या जुन्या नावाचा माग ठेवणंच काढून टाकलं होतं.

त्याची बायको मयुरी चहा घेऊन आली. दोन दिवस ती त्याचा उतरलेला चेहरा बघत होती.

"तुमी काऊन येवढं जिवाले लावून घेऊन राह्यले?" ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात तुमचं प्रमोशन हाय. साहेबाच्या डोळ्यावर कायले येता?"

"मले घास नाई उतरून राह्यला, मयुरी."

कप ठेवून ती त्याच्याशेजारीच बसली.

त्याने टूलवाल्यांचं तक्रारीचं पान उघडलं. ते जगात कोणालाही वाचता येतं. खोटी नावं घालून नमुना दिला असता तर टूलवाल्यांचं भागलं असतं, साहेबांचं नसतं. त्याने कमांड लिहिली, दोषी बदलाचा क्रमांक लिहिला. मग दोन रकाने उरले.

'आता काय दिसतं' या रकान्यात त्याने मुकेशचं नाव लिहिलं.

'काय दिसायला हवं' यापाशी तो बराच वेळ थांबला. चहा गार झाला. मग जुन्या आवृत्तीने दाखवलेलं नाव त्याने एकेक अक्षर करून टाइप केलं: रत्नदीप थूल.