हरकत

मुलांनो, डोळे मिटा आणि माणसांनी भरलेलं एक सभागृह मनात आणा. बाहेरच्या धुरामुळे खिडक्या बंद आहेत. सरकारच्या नव्या धोरणावर चर्चा चालू आहे. यापुढे कारखान्याचा धूर कारखान्यानंच मोजायचा.

"म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या," एक आजोबा उभे राहून म्हणाले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. मागून आणखी चारपाच जण खोकले.

"कामकाज ऐकू येत नाही," अध्यक्ष नम्रपणे म्हणाले. "खोकला असलेल्यांनी कृपया बाहेर बसावं."

"चला, बाहेर धूर ताजा मिळतो," एक बाई म्हणाली. एकेक करत सगळे उठले. आजोबा जाताना नातीशी कुजबुजले, "बाळ, तू थांब. आपलं कुणीतरी आत हवं. विचारलं की 'हरकत आहे' एवढंच म्हण."

आत उरले अधिकारी, कंपनीचे वकील आणि तोंडावर हात घट्ट दाबून बसलेली ती नात.

"कुणाची हरकत?" अध्यक्षांनी रिकाम्या खुर्च्यांना विचारलं.

मुलीनं तोंडावरचा हात काढून वर केला, आणि तिला खोकला आला.